इंग्रजी गाण्यात पेटी, आणि कुणी न विचारलेले रॉक अल्बम

सूतगिरणी
मंडळी, सोलापुरात ४२ अंश. भर दुपारी लाइट गेली की माणूस काय करणार, माळा आवरायला काढला. त्यात कॅसेटींचा खोका सापडला आणि हा धागा सुचला.

मला जुनी खोड आहे. ज्या रॉक अल्बमांकडे त्यांच्या काळी कुणी ढुंकून पाहिलं नाही, ते हुडकून ऐकायचे. पिंक फ्लॉइड, झेपेलिन आवडतातच, पण त्यांचं माझ्यावाचून काही अडलेलं नाही. बिग स्टारचा पहिला अल्बम घ्या. १९७२ साल, गाव मेम्फिस. बँडचं नाव बिग स्टार, तेही स्टुडिओसमोरच्या किराणा-भाजीच्या दुकानाच्या पाटीवरून उचललेलं. अल्बमचं नाव 'नंबर वन रेकॉर्ड'. समीक्षकांनी वाहवा केली आणि वितरणात असा घोळ झाला की लोक दुकानात गेले तर रेकॉर्डच नाही. आमच्या घरात तीन पिढ्या चादरींचा धंदा. माल नंबर एक, पण पेठेत पोचलाच नाही, ही गोष्ट लहानपणी जेवताना कितीदा ऐकली असेल. त्यामुळं असेल, हा अल्बम लागला की पोटात कालवतं.

तर तुमच्याकडचे असे अल्बम सांगा. अट एकच, अथपासून इतिपर्यंत ऐकलेला हवा.

आता माझं खरं काम. १९९१ साली नव्या पेठेतल्या एका कॅसेट भरून देणाऱ्याकडं मी नव्वद मिनिटांची कॅसेट दिली होती. ए बाजूला डीप पर्पलचा 'मशीन हेड' सांगितला होता. बी बाजू रिकामी कशाला सोडायची म्हणून त्यानं स्वतःच्या मनानं भरली. 'रेल्वेतल्या एका साहेबांची रेकॉर्ड आलीय, ऐका तर' एवढंच म्हणाला. लेबलवर लिहिलंय 'इंग्लिश'. बस्स. चौतीस वर्षं मला ठाऊक नाही ते कोण आहेत. अकरा गाणी आहेत. बारावं सुरू होतं आणि टेप गुंतते, पहिल्याच आठवड्यात डेकनं खाल्लं ते. त्यानंतर बाजू संपेपर्यंत अभंग आहेत, तेही दुकानदाराच्या मनाचे. पियानो आहे, चार-पाच जण मिळून गातात, आणि एका गाण्यात चक्क पेटी वाजते. ओळखा.

कडकभाकरी
काय बे अण्णा, दुर्लक्षित म्हंजे कुठं दुर्लक्षित ते आधी सांगा. आमच्या गल्लीत बीटल्स बी दुर्लक्षितच हाय. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यापाशी जे वाजतं ते लक्षित, बाकी समदं दुर्लक्षित.

पूर्वभाग_७२
+१. हसून चहा सांडला.

विजापूरवेस
पेटी म्हटल्यावर उत्तर सोपं आहे. निको. व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडमधून बाहेर पडल्यावर तिनं हार्मोनियम घेतली आणि १९६८ मध्ये 'द मार्बल इंडेक्स' काढला. जॉन केलची संगीतयोजना. त्या काळी कुणी विकत घेतला नाही, म्हणजे तुमच्या व्याख्येतही बसतो.

मूळ विषयाबद्दल मात्र स्पष्ट बोलतो, राग मानू नका. कुणी न ऐकलेलं मुद्दाम शोधायचं आणि मग ते किती थोर आहे हे सांगत फिरायचं, यात संगीतापेक्षा मिरवणं जास्त असतं. शंभरातले नव्वद अल्बम विसरले गेले ते विसरण्याच्या लायकीचे होते म्हणून.

सूतगिरणी
@विजापूरवेस, निको बाई आहे. माझ्या कॅसेटवर सगळे बाप्ये आहेत.

आणि मिरवायला समोर कुणीतरी लागतं हो. १९९१ ते साधारण २०१० या काळात सोलापुरात मी हे कुणापुढं मिरवणार होतो? बायको म्हणते 'तुमचं ते रडगाणं बंद करा', मुलगा हेडफोन लावून बसतो. पार्क चौकात संध्याकाळी जमणारे आमचे मित्र चांगले रसिक आहेत, पण किशोरकुमारच्या पुढं गाडी जात नाही. शंभरातले नव्वद वाईट, मान्य. उरलेल्या दहांसाठी तर हा खटाटोप.

हुतात्मा_एक्स्प्रेस
काका, गाणं ओळखणारं ॲप असतं ना मोबाइलवर. कॅसेट लावा, फोन जवळ धरा, दहा सेकंदांत नाव येतं. चौतीस वर्षं कशाला थांबलात?

सूतगिरणी
बाळा, गेल्या वर्षी मुलानं धरून पाहिलं. अकराही गाण्यांना 'सापडले नाही'. एकदा तर ॲपनं कुठल्यातरी अल्बेनियन गायकाचं नाव सांगितलं.

डमडम
उशिरा आलो. मुंबईत राहतो, रेकॉर्डी जमवतो, नावावरून ओळखलंच असेल, रेकॉर्डींचा कारखाना कोलकात्याजवळच्या डमडमलाच होता.

कडकभाकरींचा प्रश्न थट्टेतला असला तरी मला खरा मुद्दा तोच वाटतो. रॉड्रिग्ज बघा. डेट्रॉइटचा माणूस, 'कोल्ड फॅक्ट' १९७० साली आला आणि अमेरिकेत बुडाला. हा घरं पाडायच्या कामावर मजुरी करत राहिला. तिकडं दक्षिण आफ्रिकेत त्याच्या रेकॉर्डी घराघरांत. ह्याला पत्ता नाही, आणि तिकडच्यांना वाटत होतं हा केव्हाच मेला. १९९८ मध्ये त्यांनी शोधून काढून बोलावलं तेव्हा भरलेल्या सभागृहांत गायला. आता सांगा, हा अल्बम दुर्लक्षित की लोकप्रिय?

डेट्रॉइटचंच दुसरं उदाहरण म्हणजे तीन सख्खे भाऊ, बँडचं नाव 'डेथ'. १९७५ मध्ये ध्वनिमुद्रण केलं. पंक हा शब्द रुळायच्या आधी हे पंक वाजवत होते. मोठी कंपनी म्हणाली नाव बदला, तर थोरला म्हणाला नाही बदलत. अल्बम निघाला २००९ साली. तोवर थोरला वारला होता.

कडकभाकरी
बँडचं नाव मरण ठिवलं तर पोस्टर कोण लावू देणार बे भिंतीवर? आमच्याकडं तर बारशाला बी नाव ठिवताना आत्या चार येळा इचार करती.

होटगीची_मेघना
पहिल्यांदाच लिहितेय इथे. शॅग्ज ऐकलंय का कुणी? न्यू हॅम्पशरमधल्या बहिणी. आजीनं हात पाहून भविष्य सांगितलं होतं की मुली बँड काढतील, म्हणून वडिलांनी शाळा सोडायला लावून वाद्यं हातात दिली. १९६९ मध्ये 'फिलॉसॉफी ऑफ द वर्ल्ड'. ढोल एकीकडं, गिटार दुसरीकडं, गाणं तिसऱ्याच तालुक्यात. मी पहिल्यांदा लावलं तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, त्यांना वाटलं मिक्सर बिघडला. पण अख्खा अल्बम ऐकलाय हं, अट पाळलीय. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांची चूक कुठं पडणार ते आधीच कळायला लागतं आणि मग ती चूक वाटत नाही.

विजापूरवेस
नेमकं हेच म्हणतोय मी. वाईटालाही एकदा 'दुर्मीळ' म्हटलं की ते थोर होतं.

होटगीची_मेघना
थोर कुठं म्हटलं? तीनदा ऐकला एवढंच म्हटलं.

पूर्वभाग_७२
आपल्याकडचे कुणी नाहीत का? सगळी अमेरिका-इंग्लंडचीच धुणी.

डमडम
आहेत की. १९७० आणि ७१ मध्ये एका सिगारेट ब्रँडच्या नावानं सिमला बीट ही स्पर्धा भरायची. देशभरच्या पोरांचे बँड, आणि जिंकलेल्यांच्या गाण्यांच्या एलपी निघाल्या. आज परदेशी संग्राहक त्यांच्यामागे वेडे झालेत. मुंबईचा ॲटॉमिक फॉरेस्ट, त्याचंही तेच.

आणि कोलकात्याचा 'मोहिनेर घोडागुली'. नाव जीवनानंद दासांच्या कवितेतून घेतलेलं. १९७७ ते ७९ मध्ये तीन छोट्या रेकॉर्डी काढल्या, बंगालीत, बाउल लोकगीतं आणि रॉक एकत्र कालवून. त्या वेळी फारसं कुणी विचारलं नाही. नव्वदच्या दशकात पुढच्या पिढीनं गाणी उचलली आणि आज बंगालात ते दैवत आहेत.

हुतात्मा_एक्स्प्रेस
आणि रेमो! १९८४ चा 'गोअन क्रेझी'. गोव्यात घरीच चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर सगळी वाद्यं स्वतः वाजवून केला आणि पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी कॅसेटी वाटत फिरला. सूतगिरणी काका, हा खरा तुमच्या चादरवाल्यांचा भाऊ.

सूतगिरणी
वा! आमचे आजोबा सायकलवर. फरक तेवढाच.

इंद्रभुवन
अवांतर : डमडम साहेब, मी तुमच्यासारख्याच एका संग्राहकाला मे महिन्यात सोलापूरहून एलपी पाठवली होती. पोचली तेव्हा पापड झाला होता. त्यानं फोटो पाठवला, खाली लिहिलं 'तळून खाऊ का?'

डमडम
दोन जाड काचांमध्ये ठेवून कोवळ्या उन्हात सपाट करायची, पण नाद सोडलेला बरा. आणि मे महिन्यात सोलापूरहून शेंगा चटणी सोडून काहीही पाठवू नये.

नादब्रह्म_भजनी
मी मुळात भजनातला माणूस, रॉकमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण धाग्याच्या नावात पेटी वाचली म्हणून आलो. सूतगिरणीसाहेब, ती आपली हातपेटी आहे का पायपेटी? हातपेटीत भाता मारला की आवाजात किंचित हेलकावा येतो, वाजवणारा एका हातानंच वाजवत असतो. पायपेटीत, म्हणजे नाटकवाल्यांच्या ऑर्गनमध्ये, दोन्ही हात मोकळे. खाली एक जाडजूड स्वर धरून ठेवता येतो आणि वर उजवा हात खेळतो. मध्ये लाकडाची करकर ऐकू येते का बघा.

सूतगिरणी
बुवा, दंडवत! आत्ताच लावून ऐकलं. दोन्ही हातांचंच आहे. करकर कॅसेटची की लाकडाची सांगता येत नाही. आवाज देवळात कुणीतरी एकटं बसून वाजवावं तसा. गाणारा बाकीच्या गाण्यांतला नाही, दुसराच कुणी, आणि घाबरल्यासारखा गातो. लढाईबद्दल आहे. हात थरथरायचे थांबत नाहीत असं काहीसं म्हणतो.

विजापूरवेस
लढाई? मग प्रिटी थिंग्ज. 'एस. एफ. सॉरो', डिसेंबर १९६८. एका माणसाची जन्मापासूनची कथा सांगणारा अल्बम, 'द हू' या बँडच्या 'टॉमी'च्या आधीचा, आणि त्यात नायक युद्धावर जातो. झाला का निकाल?

सूतगिरणी
ऐकला यूट्यूबवर. तो नाही. त्यात तेरा गाणी आहेत, माझ्याकडं खाल्लेलं धरून बारा. पण अल्बम जबरदस्त आहे, त्याबद्दल आभार. (मिरवणं म्हणता आणि अल्बम तुम्हीच सांगता!)

विजापूरवेस
:) पकडलंत.

होटगीची_मेघना
थांबा थांबा. पहिलं गाणं कसं आहे? एकदम आनंदी, पियानोवर, आणि कुणीतरी तुरुंगातून सुटून घरी येणार म्हणून वाट बघतंय असं?

सूतगिरणी
तुरुंगाचं माहीत नाही, माझं इंग्रजी मराठी माध्यमाचं. पण पियानो, आणि वरात निघाल्यासारखं, हो!

होटगीची_मेघना
मग मला वाटतं झोम्बीज हा बँड. 'ओडेसी अँड ऑरॅकल', १९६८. लढाईचं गाणं म्हणजे खाटकाची गोष्ट, पहिल्या महायुद्धात खंदकात अडकलेला खाटीक. ते बास वाजवणारा ख्रिस व्हाइट स्वतः गायलाय, म्हणून आवाज वेगळा.

तुम्ही त्यातलं एखादं मुख्य गायकाचं गाणं फोनवर रेकॉर्ड करून इथं चढवाल का?

सूतगिरणी
चढवलंय. चौथं गाणं आहे.

होटगीची_मेघना
ऐकलं. चाल तीच आहे हो, पण... त्यांचा मुख्य गायक कॉलिन ब्लन्स्टोन, त्याचा आवाज इतका किनरा नाही. कुणीतरी लहान मुलानं गायल्यासारखं वाटतंय. दुसऱ्या कुणी गायलेली आवृत्ती तर नसेल? आता मीच गोंधळले.

नादब्रह्म_भजनी
ताई, मी पण ऐकलं, आणि तुम्ही म्हणता ते मूळ गाणंही लावलं. दोन्ही पेटीवर धरून पाहिली. कॅसेटचं जवळजवळ अर्धा स्वर वर आहे, म्हणून किनरं. ए बाजूला जे काय आहे ते तपासा ना, त्याचं मूळ तर ठाऊक आहे.

हुतात्मा_एक्स्प्रेस
बुवा, ए बाजूला 'स्मोक ऑन द वॉटर' असणार. जगातल्या प्रत्येक गिटार शिकणाऱ्यानं आधी तेच वाजवलंय. मूळ जी स्वरात, म्हणजे पांढरी पाच.

नादब्रह्म_भजनी
सूतगिरणीसाहेबांनी फोन करून ऐकवलं. काळी चारच्या, म्हणजे अर्धा स्वर वरच्या, अगदी जवळ. म्हणजे कॅसेट सगळीच जलद पळतेय.

सूतगिरणी
अरे देवा. म्हणजे १९९१ पासून मी डीप पर्पल काळी चारमध्ये ऐकतोय. पुढं सीडी घेतली तेव्हा मला वाटलं होतं सीडीवाल्यांनीच मरगळलेलं काढलंय. मित्रांना सांगायचो, कॅसेटवर जो जोर आहे तो सीडीत नाही!

कडकभाकरी
अण्णा, ह्याला म्हंत्यात चादर अंथरायच्या आधी पाय पसरणं.

रेडिओदुरुस्ती
दुकानातला डेक जरा हळू फिरत असणार. हळू भरलं की नीट डेकवर जलद वाजतं. तरी तुमचाही डेक बघून घ्या. मोटार सोडवा, मागच्या अंगाला बारीक भोक असतं, बऱ्याचदा त्यावर रबराचं बूच. आत छोटा स्क्रू, तो वेगाचा. ए बाजू लावून ठेवा, बारीक पेचकस घालून केसभर फिरवा, मोबाइलवरच्या मूळ गाण्याशी जुळेपर्यंत. दोन्ही बाजू एकाच डेकवर भरल्यात, तेव्हा ए जुळली की बी आपोआप जुळेल. पट्टा सैल असेल तर तो आधी बदला. आणि कृपा करून हेड स्पिरिटनं पुसा, चौतीस वर्षांची धूळ असेल.

सूतगिरणी
रविवारी करतो. मोटार उघडायचं धाडस दिवसाच करणार, लाइट असेल तर.

होटगीची_मेघना
तोवर थोडं सांगते, कारण तुमच्या 'पेठेत न पोचलेल्या माला'त हे चपखल बसतं. हा अल्बम १९६७ मध्ये बहुतेक लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत केला, बीटल्स 'सार्जंट पेपर' हा अल्बम करून बाहेर पडले त्याच्या पाठोपाठ. पैसे इतके मोजके की तालीम आधी करून जायचे, स्टुडिओत वेळ घालवायला परवडत नव्हतं. कंपनीला नंतर स्टीरिओ आवृत्ती हवी झाली, तर तिचा खर्च बँडमधल्या रॉड आर्जेंट आणि ख्रिस व्हाइट यांनी स्वतःच्या कमाईतून केला. मुखपृष्ठ काढणाऱ्यानं ओडेसीचं स्पेलिंग चुकवलं आणि ते तसंच छापलं गेलं. अल्बम १९६८ च्या एप्रिलमध्ये आला, आणि बँड त्याच्या आधीच डिसेंबरमध्ये मोडला होता. गायक विमा कंपनीत नोकरीला लागला.

पूर्वभाग_७२
विमा कंपनीत!! माझ्या साहेबांकडं आता वेगळ्या नजरेनं बघायला पाहिजे.

डमडम
त्याहून मोठी गंमत पुढं आहे. अमेरिकेत अल्बम निघावा म्हणून अल कूपर या संगीतकारानं कंपनीकडं आग्रह धरला. १९६९ मध्ये त्यातलं शेवटचं गाणं तिकडं तिसऱ्या क्रमांकावर गेलं. बँड अस्तित्वात नाही आणि गाणं तुफान चाललंय! मग काही लोकांनी नकली झोम्बीज उभे करून अमेरिकेत दौरे काढले. त्यातल्या एका नकली बँडमधले दोघं पुढं झीझी टॉप या बँडमध्ये प्रसिद्ध झाले.

विजापूरवेस
एक मिनिट. शेवटचं गाणं, म्हणजे बारावं. म्हणजे सूतगिरणीसाहेबांच्या डेकनं नेमकं तेच खाल्लं जे एकट्यानं गाजलं?

कडकभाकरी
डेकला बी लोकप्रिय गाणं चालत न्हाई. अण्णाचाच डेक शेवटी.

सूतगिरणी
रविवारचा अहवाल. सकाळी साडेसहाला, ऊन चढायच्या आत, व्हरांड्यात सतरंजी टाकून बसलो. पट्टा ताणून चिंगम झाला होता, तो बदलला. रबराचं बूच निघालं, स्क्रू सापडला. बुवा फोनवर पेटी घेऊन. मी केसभर फिरवायचो, ते म्हणायचे 'अजून, अजून, थांबा, मागं या.' पांढरी पाच लागली तेव्हा आमची ही चहा घेऊन आली होती, ती म्हणाली 'बरं वाटतंय आता ऐकायला.' लग्नानंतर पहिल्यांदा.

मग बी बाजू. मेघनाताई, तेच आहेत. मुलानं फोन धरला तर ॲपनंही सहा सेकंदांत नाव सांगितलं. त्या गायकाचा आवाज इतका मऊ आहे हे मला आज कळलं. खाटकाच्या गाण्यातली करकर मात्र कॅसेटचीच होती, हेड पुसल्यावर गेली.

आता कबुली. बारावं गाणं फोनवर लावलं, 'टाइम ऑफ द सीझन'. ते मला माहीत होतं! किती सिनेमांत ऐकलंय. आवडायचंही. पण कुणाचं आहे ते कधी शोधलं नाही, कारण एवढं सगळ्यांना माहीत असलेलं गाणं आपण कशाला शोधायचं. @विजापूरवेस, घ्या, अर्धा गुण तुमचा.

अजून एक. कॅसेटवर बाराव्याच्या सुरुवातीला एक 'ठक्' होतं आणि मग कुणी सुस्कारा सोडावा तसं 'हाऽ'. मला कायम वाटायचं, हा डेकचा आवाज, टेप गिळतानाचा. ते गाण्यातलंच आहे.

कडकभाकरी
म्हंजे डेकनं गाणं खाल्लंच न्हवतं अण्णा?

सूतगिरणी
खाल्लं होतं रे. पहिला घास आम्हाला ठेवून.